राखेखाली गाडलेली वसाहत

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्याकडील वाचकाला क्रिकेट आठवते. त्याच बेटांच्या माळेत मॉन्टसेराट नावाचे अवघे १०२ चौरस किलोमीटरचे बेट आहे. तेथे निवडून आलेले विधिमंडळ आहे, मंत्रिमंडळही आहे. परंतु संरक्षण, परराष्ट्रव्यवहार आणि अंतर्गत सुरक्षा आजही लंडनने नेमलेल्या गव्हर्नरच्या हाती आहे. ‘वसाहत’ हा शब्द ब्रिटनने टाकून दिला आणि ‘सागरपार प्रदेश’ असे गोंडस नाव घेतले. नाव बदलले म्हणून नाते बदलत नाही.

हे नाते किती मायेचे आहे, याची कसोटी १८ जुलै १९९५ रोजी लागली. सूफ्रियेर हिल्सचा ज्वालामुखी जागा झाला. राजधानी प्लिमथ रिकामी करावी लागली आणि पुढे ती राखेत गाडली गेली. बेटाचा अर्ध्याहून अधिक भाग निषिद्ध ठरला. माणसे उत्तरेकडील शाळांत आणि चर्चमध्ये महिनोन्‌महिने दाटीवाटीने राहिली. पोटासाठी काही शेतकरी निषिद्ध भागातील आपल्या शेतांकडे परतत राहिले, कारण उत्तरेत कसायला जमीन मिळाली नव्हती. २५ जून १९९७ रोजी तप्त राख आणि वायूंचा लोट डोंगरावरून उतरला. त्यात एकोणीस माणसे मेली. यांतील काही मृत्यूंना सरकारची हयगयही कारणीभूत होती, असे मृत्युचौकशीच्या ज्यूरीनेच म्हटले. ज्वालामुखी निसर्गाचा, भुकेने त्याच्या तोंडी जाणे मात्र निसर्गाचे नव्हे.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बेटवासीयांनी अधिक मदत मागितली, तेव्हा आता हे लोक सोन्याचे हत्ती मागतील, अशा अर्थाचे उद्गार ब्रिटनच्या विकासमंत्री क्लेअर शॉर्ट यांनी काढले. हे उद्गार हुजूर पक्षाच्या कोणा उमरावाचे असते तर नवल नव्हते. ते मजूर पक्षाच्या मंत्र्याचे होते, हे आम्हा समाजवाद्यांना अधिक बोचते.

आणि मागणारे कोण होते? १९८१ च्या नागरिकत्व कायद्याने या लोकांना ब्रिटनचे ‘अवलंबित प्रदेशांचे नागरिक’ ठरवून ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नाकारला होता. फॉकलंडच्या गोऱ्या वस्तीला मात्र युद्धानंतर १९८३ मध्ये पूर्ण नागरिकत्व बहाल झाले. मॉन्टसेराटच्या काळ्या माणसाला त्यासाठी २००२ पर्यंत थांबावे लागले; तोवर दोन-तृतीयांश लोक बेट सोडून गेले होते. अमेरिकेने तर कमालच केली. आश्रयाला आलेल्या या लोकांचे तात्पुरते संरक्षण तिने २००५ मध्ये काढून घेतले. कारण काय, तर ज्वालामुखी दीर्घकाळ धुमसत राहील, सबब हे संकट ‘तात्पुरते’ म्हणता येत नाही! संकट जितके मोठे तितका आसरा लहान, असे हे न्यायशास्त्र आहे.

बेटावरील लोकच स्वातंत्र्य मागत नाहीत, असा युक्तिवाद लंडनचे भाट करतात. मागत नाहीत, हे खरे आहे. पण ज्या बेटाची राजधानी, बंदर आणि विमानतळ नष्ट झाले, ज्याच्या अंदाजपत्रकाचा अर्ध्याहून अधिक भार ब्रिटिश अनुदानावर आहे, तेथील सुमारे साडेचार हजार लोकांनी कोणत्या बळावर मागावे? आणि अनुदान हा उपकार कसा? या बेटावर गुलामांच्या घामावर साखर पिकली. १७६८ च्या सेंट पॅट्रिक दिनी त्यांनी उठावाचा बेत केला. तो फुटला आणि पुढाऱ्यांना फाशी झाली. १८३४ मध्ये साम्राज्यात गुलामगिरी संपली तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांना दमडीही नाही. या हिशेबात ऋणको कोण, हे ब्रिटिश अर्थखात्याने आपल्या जुन्या वह्या उघडून पाहावे.

सरकारी कचेऱ्या आता उत्तरेस ब्रेड्स येथे आहेत. लिटल बे येथे नवे शहर उभारण्याच्या योजना वर्षानुवर्षे कागदावर फिरत आहेत. आणि कायद्याने मॉन्टसेराटची राजधानी आजही प्लिमथच आहे. तेथे एकही माणूस राहत नाही.