शिंपल्यांची साक्ष

ओहोटी लागली की कोकणच्या किनाऱ्यावर कालवे काढणाऱ्या व तिसऱ्या वेचणाऱ्या स्त्रिया दिसू लागतात. त्यांच्या टोपलीत जे पडते ते केवळ अन्न नसते. त्या पाण्यात माणसाने काय सोडले याची ती नोंदही असते. ती नियमाने वाचण्याची तसदी आपण घेत नाही, हा आमचा आक्षेप आहे.

कालवे, तिसऱ्या, शिनाणे हे जीव कल्ल्यांतून पाणी गाळून अन्न मिळवतात. त्याबरोबर तांबे, जस्त, कॅडमियम, शिसे यांचे अंशही शरीरात शिरतात. तांबे व जस्त अल्प प्रमाणात आवश्यक असतात. कॅडमियम मात्र घातक. त्यापासून रक्षण करण्याच्या कामी मेटॅलोथायोनीन हे प्रथिन येते. १९५७ साली घोड्याच्या मूत्रपिंडात प्रथम सापडलेल्या या प्रथिनात गंधकयुक्त सिस्टीन विपुल असते व ते गंधक धातूचे अणू घट्ट धरून ठेवते. काही धातू पेशींतील सूक्ष्म कणांत कोंडले जातात. त्यामुळे विष अंगी बाळगूनही शिंपला धडधाकट दिसतो. खाणाऱ्याला मात्र हे संरक्षण पुरत नाही, आणि धातू उकळल्याने नष्टही होत नाही.

जपानमधील मिनामाता येथे कारखान्यातून समुद्रात गेलेला पारा मासे व शिंपल्यांवाटे माणसांच्या मज्जासंस्थेपर्यंत पोहोचला. रोगाची अधिकृत नोंद १९५६ साली झाली. विषारी सांडपाणी १९६८ पर्यंत वाहतच राहिले.

पाण्याचा नमुना त्या घटकेपुरते सांगतो. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळपर्यंत भरती-ओहोटीत पांगते. शिंपल्याच्या अंगी त्याची खूण दीर्घकाळ राहते. म्हणूनच १९७५ साली अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी शिनाण्यांच्या तपासणीतून किनाऱ्यांवर पहारा ठेवण्याची कल्पना मांडली व ती तेथे अमलात आली.

ठाण्याच्या खाडीसारख्या, कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी झेलणाऱ्या जागी अशी तपासणी नियमित व्हावी आणि तिचे निष्कर्ष प्रबंधांत न अडकता मासळीबाजारात मराठीतून लावले जावेत. याने गरीब विक्रेत्यांचे पोट मारले जाईल, असे कोणी म्हणेल. परंतु अज्ञानातून पसरणारा सरसकट संशय त्यांना अधिक नडतो. तपासणी झाली तर स्वच्छ खाडीच्या मालाला मान तरी मिळेल. जेथे दोष आढळेल तेथे टोपली जप्त करून भागणार नाही. सांडपाण्याच्या नळाच्या तोंडाशी जाऊन जाब विचारला पाहिजे. शिंपल्याने आपले काम केले आहे; शासनाने आपले करावे.