बिनतंबाखूच्या सुपारीचा पूर्वपक्ष

तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तराखाली तंतुमय ऊतकाचे थर साचत जाणे, म्हणजे सबम्युकस फायब्रोसिस. सुरुवात जळजळीने होते. रोजचीच आमटी तिखट लागू लागते. मग गालाचा आतला भाग पांढुरका पडतो, बोटाला दोरीसारखे ताठ पट्टे लागतात, जीभ पुरती बाहेर येत नाही, पडजीभ आखडते आणि जबडा आवळत जातो. निरोगी प्रौढाच्या तोंडात तीन बोटे उभी मावतात. या रोग्याच्या तोंडात दोन मावतात, पुढे एकच. अक्कलदाढ येत असेल किंवा उष्णता वाढली असेल, या समजुतीत पहिली वर्षे निघून जातात.

सुपारीशी जोडलेल्या या रोगातून पुढे काहींना मुखकर्करोगही होतो. त्याबद्दलचा सर्वांत चिवट पूर्वपक्ष असा : कर्करोग तंबाखूने होतो, नुसती सुपारी फार तर दात किडवील. ऑकलंडच्या दक्षिणेकडील ओटाहुहु उपनगरात या समजुतीला कायद्याचाही अप्रत्यक्ष टेकू मिळतो. न्यूझीलंडच्या 1990 च्या धूम्रपानमुक्त पर्यावरण कायद्याने चघळायच्या तंबाखूची विक्री बंद केली. सुपारी मात्र त्या कायद्याचा विषय नाही. गुटख्याची सवय घेऊन भारतातून तिथे आलेल्या माणसाला तंबाखू सुटल्याचे समाधान मिळते आणि सुपारी चालूच राहते.

त्या पक्षाला एके काळी शास्त्राचाही आधार होता, हे मान्य केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1985 मध्ये तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक ठरवला, पण बिनतंबाखूच्या विड्याविरुद्ध पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. ‘अपुरा पुरावा’ आणि ‘निर्दोष’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकांनी त्या एकच मानल्या. 2004 च्या अहवालात त्याच संस्थेने बिनतंबाखूचा विडा आणि खुद्द सुपारी, दोन्ही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातली. त्यामागे तैवानचा मोठा आधार होता : तिथे विड्यात तंबाखू घालत नाहीत, तरी मुखकर्करोग भरपूर. डर्बनच्या भारतीय वंशाच्या स्त्रियांमध्येही नुसती सुपारी खाणाऱ्यांना हाच तंतुरोग आढळला. आधुनिक वैद्यकातली या रोगाची पहिली नोंदही परदेशी गेलेल्या भारतीयांचीच आहे : 1952 मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांचे वर्णन केले. गाव सुटले तरी सुपारी सुटत नाही, याचा हा जुना दाखला.

दुसरा पूर्वपक्ष मिरचीचा. 1960 मध्ये सिरसाट आणि खानोलकर यांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतला तिखट घटक लावून पाहिला आणि तंतुवृद्धीसारखे बदल नोंदवले, म्हणून या मताला काही काळ वजन आले. पण मिरचीवर जगणाऱ्या मेक्सिकोत हा रोग घरोघर दिसायला हवा होता. तसा तो दिसत नाही. तिखट हे जळजळीचे निमित्त आहे. अस्तर आधीच विरलेले असते, म्हणून ते झोंबते.

तंतूंचा हा व्रण घडतो तो सुपारीतूनच. तिच्यातले अ‍ॅरेकोलीन तंतुपेशींना अधिक कोलॅजेन बनवायला लावते. टॅनिन त्या कोलॅजेनला असे घट्ट करते की ते विरघळवणारे विकर त्यावर चालत नाही. कातडे कमावायला बाभळीची साल वापरतात ती याच गुणासाठी. सुपारीत तांबेही भरपूर असते, आणि कोलॅजेनचे धागे एकमेकांत गुंफणाऱ्या लायसिल ऑक्सिडेजला तांबे लागते. म्हणजे निर्मिती वाढली, विघटन थांबले आणि वीण पक्की झाली.

असे तंतू साचले की रक्तवाहिन्या आवळल्या जातात. वरच्या अस्तराला प्राणवायू कमी पडतो, ते पातळ होते, आणि सुपारीचा रस त्यातून सहज आत उतरतो. सुपारीच्या अल्कलॉइडांपासून लाळेत नायट्रोसामाइन्स बनतात. विड्यातल्या चुन्याच्या अल्कधर्मी रसात ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात. दोन्ही मिळून पेशींच्या डीएनएला इजा करतात. पेशींची रचना बिघडते, आणि बिघडलेल्या पेशी तळपटल फोडून आत घुसल्या की तो कर्करोग. व्रणच कर्करोग घडवतो, की दोन्ही एकाच सुपारीची स्वतंत्र फळे आहेत, यावर वाद घालता येईल; सुपारीच्या बचावाला मात्र त्यातला कोणताच निकाल उपयोगी नाही.

याच्या उलट टोकाचा पक्ष भीतीचा : एकदा तोंड आवळले की कर्करोग ठरलेलाच. पेमास्टर यांनी 1956 मध्ये आपल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत कर्करोग नोंदवला खरा, पण ते मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातले रुग्ण होते. कर्करोगाच्या दारात आलेल्यांची ती मोजणी. एर्नाकुलममध्ये 66 रुग्णांचा 17 वर्षे मागोवा घेतला, तेव्हा हे प्रमाण 7.6 टक्के निघाले. बहुतेकांना कर्करोग होत नाही. मात्र कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून तपासणी सगळ्यांचीच करावी लागते.

महाराष्ट्रात हा प्रश्न गुटख्याच्या पुड्यांपुरता नाही. विदर्भात सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदावर घोटून खर्रा बनतो. नागपुरातल्या अभ्यासकांनी 2007 मध्ये या रोगाच्या 1000 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात स्त्रियांच्या जवळजवळ पाचपट पुरुष होते. राज्याने 2012 मध्ये गुटखाबंदी केली, पण खर्रा घोटणाऱ्याला कारखाना लागत नाही.

सुपारी सोडली की सगळे पूर्ववत होते, हेही खरे नाही. सोडल्याने रोगाची वाढ थांबू शकते आणि पुढचा धोका घटतो. पक्के झालेले पट्टे विरघळत नाहीत. इंजेक्शने, जबड्याचा व्यायाम, पट्टे कापण्याची शस्त्रक्रिया यांनी तोंड उघडते, पण बिघडलेले अस्तर तसेच राहते, म्हणून तपासणी चालूच ठेवावी लागते. न्यूझीलंडमध्ये मुलांना 18 वर्षांपर्यंत दंतसेवा मोफत मिळते. त्यानंतर बहुतेकांना पदरचे पैसे मोजावे लागतात. ओटाहुहूतल्या प्रौढाला मिडलमोर रुग्णालय जवळ असले, तरी दंतवैद्याची नेमाची भेट लांबणीवर पडणे तिथे सोपे आहे. आणि तोंड जितके कमी उघडते तितकी गालाच्या मागच्या कोपऱ्यातली, न भरणारी जखम दिव्या-आरशानेही दिसत नाही; दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या अशा जखमेचा तुकडा काढून तपासावा लागतो.