आधी गाळ तपासा, मग उपसा

तलावातून बाटलीभर पाणी नेऊन तपासलं, तर त्या दिवसाचं पाणी कसं होतं एवढंच कळतं. आदल्या रात्री सोडलेलं सांडपाणी तोवर पांगलेलं असतं, पावसाळ्यात तर पुरानं सगळंच धुऊन निघतं. जड धातू मात्र मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात. वर्षानुवर्षांचा हिशेब गाळात थरावर थर साचत जातो.

हा हिशेब काय करू शकतो, ते स्कॉटलंडमधल्या गॅलोवेच्या तळ्यांनी दाखवलं. ब्रिटनच्या धुरामुळे आमची तळी आम्लधर्मी होऊन मासे मरताहेत, अशी नॉर्वे-स्वीडनची तक्रार होती. ब्रिटनमध्ये मात्र दोष नव्या वनलागवडीचा की धुराचा, यावर वाद रंगला होता. रॉजर फ्लॉवर आणि रिक बॅटरबी या संशोधकांनी गॅलोवेतल्या दोन तळ्यांच्या तळातून गाळाचे उभे नमुने काढले, त्यांचे पातळ काप केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली डायटम मोजले. या एकपेशीय शैवालाचं कवच सिलिकाचं, त्यामुळे ते सहसा टिकून राहतं; कोणत्या जातीला किती आम्ल पाणी मानवतं, हेही ठाऊक असतं. थरांचं वय शिसं-210 या किरणोत्सारी समस्थानिकावरून काढलं. त्याचं प्रमाण सुमारे 22 वर्षांनी निम्मं होतं.

1983 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वरच्या थरांत आम्लप्रिय जाती वाढल्या होत्या आणि राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड या तळ्यात बदलाची सुरुवात 1850 च्या आसपासची होती. त्या तळ्याभोवती तर वनलागवड झालेलीच नव्हती! झाडांवर ढकललेला दोष तिथे टिकेना.

जपानमधल्या मिनामाताचा धडा अधिक कडू आहे. कारखान्यातून खाडीत पारा सोडणं 1968 मध्ये थांबलं. पण तळाशी साचलेल्या पाऱ्याचा बंदोबस्त करण्याचं काम 1990 पर्यंत चाललं. दूषित गाळ उपसून आणि भराव घालून तिथे 58 हेक्टर जमीन तयार झाली.

महाराष्ट्राला यात रस असायलाच हवा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यात 2017 मध्ये सुरू झाली. धरणातला गाळ शेतात पसरला की हलक्या जमिनीला कस येतो, ओल धरून राहते. शेतकरी हौसेनं ट्रॅक्टर भरून नेतात, ते योग्यच आहे. रानातल्या पाझर तलावाचा गाळ आणि औद्योगिक वसाहतीचं किंवा शहराचं सांडपाणी मिळणाऱ्या तलावाचा गाळ यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. दुसऱ्या प्रकारचा गाळ न तपासता शिवारात गेला, तर शिसं आणि कॅडमियमही सोबत जाऊ शकतं.

पोकलेन उतरला की थरांची उलथापालथ होते आणि तलावाचा इतिहास कायमचा पुसला जातो. म्हणून सांडपाणी मिळणाऱ्या प्रत्येक तलावातून उपशाआधी गाळाचा एक उभा नमुना काढावा, जड धातू तपासावेत, गाळ किती दूषित आहे याचा अंदाज यावा म्हणून तळाला कोणते किडे-अळ्या जगताहेत ते नोंदवावं आणि या तपासणीचा अहवाल ग्रामसभेत किंवा प्रभाग कार्यालयात लावावा. तोपर्यंत तिथला गाळ एकाही शेतात जाऊ देऊ नये.