शेततळ्याचें अस्तर : जोड कीं अखंड ?

सन २०१६ मध्यें ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाल्यापासून महाराष्ट्रांत अशीं तळीं पुष्कळ झालीं. आतां बाग वाढली म्हणून तळें वाढवितांना, जुन्या प्लास्टिकच्या कागदास नवा जोडून भागवावें असा मोह होतो. तो आवरावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हिशेब पाहा. वीस मीटर चौरस व तीन मीटर खोल तळ्यास, एकास एक उतार आणि कांठाच्या चरांत दाबण्यास चहूंकडे एक मीटर धरून, सुमारें ६०० चौरस मीटर कागद लागतो. तीस मीटर चौरसास सुमारें १,१९०. जोडीनें निम्मा वांचतो खरा. परंतु जुना कागद जेमतेम तळासच पुरतो, व सांधा सर्वांत खोल जागीं, दर चौरस मीटरवर ३ टन पाण्याच्या भाराखालीं येतो. उन्हानें कडक झालेला कागद नव्याशीं नीट एकजीव होत नाहीं.

म्हणून नवा कागद अखंड घालावा. जुना झाडून त्याखालीं अंथरावा, म्हणजे खडे टोंचणार नाहींत. पैसा नसल्यास तळें वर्षभर लहानच राहूं द्यावें. गळकें मोठें तळें हें बुडीत खातेंच होय.