चॅम्पियन घाबरत नाहीत, हिशेब करतात

डिसेंबर १९९२. लंडनमध्ये हेवीवेट जगज्जेता रिडिक बोवीनं पत्रकारांसमोर आपला डब्ल्यूबीसीचा बेल्ट कचऱ्याच्या डब्यात टाकला. डब्ल्यूबीसीचं म्हणणं होतं की, आता लेनक्स लुईसशी लढ. याच लुईसनं १९८८च्या सोल ऑलिंपिकच्या फायनलमध्ये बोवीला हरवलं होतं. बेल्ट लुईसला मिळाला. व्यावसायिक रिंगमध्ये मात्र हे दोघे कधीच समोरासमोर आले नाहीत.

‘घाबरला!’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण जेमतेम महिन्यापूर्वी हाच बोवी होलीफिल्डसारख्या माणसाशी बारा राउंड लढून जिंकला होता. असा माणूस भित्रा कसा असेल? तो हिशेब करत होता. समोरचा धोकादायक आहे, हरलो तर पुढच्या सगळ्या मोठ्या लढती गेल्या. त्यापेक्षा कमी धोक्याच्या माणसाशी लढूनही चांगले पैसे मिळत असतील, तर हा कशाला?

इथवर माझी तक्रार नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो. सिस्टीम ज्याचं बक्षीस देते तेच लोक करतात, हे रोज बघतो. माझं भांडण आहे ते पुढच्या वाक्याशी: ‘शेवटी बिझनेस आहे, भावा.’ जणू एवढं म्हटलं की विषय संपला. तो संपत नाही, कारण या बिझनेसचं बिल चॅम्पियन भरत नाही. ते आव्हानवीर भरतो, आणि तेही आपल्या उमेदीच्या वर्षांनी.

हॅरी विल्सचं उदाहरण घ्या. न्यू ऑर्लिन्सचा हा कृष्णवर्णीय बॉक्सर १९२०च्या दशकात जॅक डेम्प्सीचा पहिल्या क्रमांकाचा दावेदार होता. डेम्प्सी १९१९ ते १९२६ चॅम्पियन होता. करारांच्या गोष्टी झाल्या, लढत झाली नाही. सप्टेंबर १९२३ नंतर तीन वर्षं तर डेम्प्सी किताबासाठी कुणाशीच लढला नाही. न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग कमिशननं ‘आधी विल्सशी लढ’ असा आग्रह धरला, तेव्हा डेम्प्सी-टनी लढत थेट फिलाडेल्फियात नेली गेली. तिथे एक लाख वीस हजारांवर लोक जमले. म्हणजे बिझनेस छान झाला. विल्स तेव्हा ३७ वर्षांचा होता. त्याला जगज्जेतेपदासाठी लढायची संधी कधीच मिळाली नाही.

यात वर्णद्वेष होताच, आणि तोही ‘गल्ला’ या नावाखाली खपवला जात होता. पण याची दुसरी बाजू जास्त बोचते. जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता. टॉमी बर्न्सनं आपल्याशी लढावं म्हणून तो त्याच्या मागे पार ऑस्ट्रेलियापर्यंत गेला आणि १९०८ मध्ये सिडनीत जिंकला. स्वतः चॅम्पियन झाल्यावर त्यानं सॅम लँगफर्ड आणि जो जेनेटला संधी दिली का? नाही. दोन कृष्णवर्णीयांच्या लढतीपेक्षा गोऱ्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्यात जास्त पैसा होता. ज्या दारावर त्यानं धडका मारल्या, तेच दार त्यानं आतून लावून घेतलं. लँगफर्ड पुढे आंधळा झाला, गरिबीत जगला.

मग कुणीच वेगळं वागू शकत नाही का? फ्लॉइड पॅटर्सन वागला. त्याचा मॅनेजर कस डी’अमाटो त्याला सनी लिस्टनपासून दूर ठेवू पाहत होता. पॅटर्सननं ऐकलं नाही. १९६२ मध्ये शिकागोत तो लढला आणि पहिल्याच राउंडमध्ये नॉकआउट झाला. पुढच्या वर्षी पुन्हा लढला, पुन्हा पहिल्याच राउंडमध्ये गेला. हिशेबाच्या वहीत हा मूर्खपणा आहे. पण किताब या शब्दाला थोडाफार अर्थ उरला असेल, तर तो अशाच माणसांमुळे.

आज चार संस्था, चार बेल्ट, प्रत्येकीचा वेगळा आव्हानवीर. त्यामुळे बेल्ट सोडणं म्हणजे दर वेळी पळ काढणं नव्हे, हे मान्य. मे २०२४ मध्ये रियाधला फ्युरीला हरवून उसिकनं चारही बेल्ट एकत्र केले आणि काही आठवड्यांत आयबीएफचा सोडून दिला. पण माणसं सोडली नाहीत. फ्युरीशी पुन्हा लढून जिंकला आणि जुलै २०२५ मध्ये वेम्ब्लीत डॅनियल डुबॉइसला पाचव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं. तेव्हा आयबीएफचा बेल्ट डुबॉइसकडेच होता. बोवीनं बेल्टसोबत माणूसही सोडला. फरक इथे आहे.

आणि आपण प्रेक्षकही या हिशेबात आहोत. रेकॉर्डमधल्या पराभवांच्या शून्याला आपण इतकं डोक्यावर घेतलंय की एक हार म्हणजे करिअर संपलं, असं चॅम्पियनलाही वाटतं. मग तो शून्य सांभाळत बसतो. पुढच्या वेळी कुणाचा अपराजित रेकॉर्ड शेअर कराल, तेव्हा तो कुणाला हरवून झालाय एवढंच बघू नका. त्या काळात दाराबाहेर कोण उभा होता, हेही विचारा.