‘गेला’ हा निकाल कुणी दिला?

माणसाच्या बाबतीत डॉक्टर आधी नाडी बघतो आणि मगच निकाल सांगतो. घरातला कम्प्युटर मात्र नाडी न बघताच ‘गेला’ ठरतो. बटण दाबलं, दिवा लागला नाही, संपला विषय. दोन दिवसांनी त्यावर चादर पडते, दोन महिन्यांनी तो माळ्यावर जातो आणि रमजानच्या आधीच्या साफसफाईत किलोच्या भावानं भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या घरांतून भंगारात जाणारे बरेच कम्प्युटर मेलेले नसतात. ते मेले असं जाहीर करण्यात कुणाचा तरी फायदा असतो आणि ते मुकाट्यानं मान्य करण्यात आपला आळस असतो. या दोन्हींविरुद्ध मला बोलायचं आहे.

मी इंजिनिअर नाही. मालेगावात उर्दू आणि मराठी शिकवते. पण बी.एड.ला आम्हाला एक गोष्ट घोकून घेतली होती : नैदानिक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन. मूल गणितात नापास झालं तर ते ‘ढ’ आहे असं म्हणायचं नाही. ते कुठं अडलं ते शोधायचं. बेरीज येते का? हातचा घेता येतो का? अपूर्णांकात घोटाळा आहे का? नेमकी अडलेली जागा सापडली की पंधरा दिवसांत मूल पुढं सरकतं. ‘ढ’ हा शब्द शिक्षकाचं काम वाचवतो, मुलाचं नुकसान करतो. ‘गेला’ हा शब्द कम्प्युटरच्या बाबतीत तेच करतो.

कारण कम्प्युटर ही एक वस्तू नाहीच. पेटीत पाच-सहा वेगवेगळ्या वस्तू एकत्र नांदतात. भिंतीतली वीज कमी दाबाच्या डीसी विजेत बदलून देणारा एसएमपीएस, सगळ्यांना जोडणारा मदरबोर्ड, त्यावरचा प्रोसेसर, रॅमची पट्टी, आणि आपलं सगळं लिहिलेलं-वाचलेलं सांभाळणारी हार्ड डिस्क. यातला एक गेला म्हणून बाकीचे जात नाहीत. आमच्या गावात हे कुणाला वेगळं सांगायला नको. धोटा तुटला म्हणून इथं कुणी माग भंगारात काढलेला नाही. आजोबांच्या वेळचे साधे माग नातवाच्या हाताखाली खडखडत आहेत, कारण मिस्त्री येतो, कान लावतो आणि नेमका भाग बदलतो. मागाच्या बाबतीत एवढे शहाणे असलेलो आपण कम्प्युटरपुढं एकदम अडाणी का होतो?

तर निदानाचा क्रम सांगते. यात जादू काही नाही.

पहिला प्रश्न ‘चालू होईल का?’ हा नाहीच. पहिला प्रश्न आहे, ‘आत काय आहे?’ मुलांचे फोटो, वडिलांची कागदपत्रं, शाळेच्या प्रश्नपत्रिका, हिशेब. हे सगळं डिस्कवर असतं आणि पेटी पूर्ण बंद पडली तरी डिस्क धडधाकट असू शकते. ती बाहेर काढून साध्या यूएसबी अडॅप्टरनं दुसऱ्या कम्प्युटरला जोडता येते. मात्र डिस्कमधून ‘टिक-टिक’ असा ठेका येत असेल तर ताबडतोब थांबायचं. तो आवाज बहुतेक वेळा आतलं वाचणारं डोकं बिघडल्याचा असतो आणि प्रत्येक नव्या प्रयत्नानं जे उरलंय तेही खरवडलं जाण्याची भीती असते. नव्या लॅपटॉपबाबत आणखी एक खबरदारी. त्यातली डिस्क कुलूपबंद असू शकते आणि ते कुलूप 48 आकडी रिकव्हरी कीशिवाय उघडत नाही. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. त्या खात्याचा पासवर्ड भंगारात जाण्याआधी आठवलेला बरा.

दुसरा प्रश्न, नुकसान कशानं झालं? विजेच्या झटक्यानं बंद पडलेल्या डेस्कटॉपमध्ये पहिला संशय एसएमपीएसवर घ्यावा, कारण झटका आधी तोच झेलतो. तो बदलता येतो. पण स्वतः उघडू नये, प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा विद्युतभार उरलेला असतो. पंखा फिरतो पण पडदा काळा आणि बीप ऐकू येते, तर रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरनं हलके पुसून पुन्हा बसवणं हा प्रत्येक मेकॅनिकचा पहिला उपाय आहे. दर वेळी तारीख-वेळ चुकते, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलायचा. हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. 2000 नंतरच्या काही वर्षांतले बोर्ड तर हलक्या प्रतीच्या कपॅसिटरमुळे जगभर फुगून बंद पडले. ते कपॅसिटर चांगल्या कारागिरानं काढून नवे लावले की बोर्ड पुन्हा उभा राहू शकतो.

पाण्याचं प्रकरण वेगळं. 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै 2021 मध्ये चिपळूण-महाडमध्ये घरंच्या घरं पाण्यात गेली, त्यात कम्प्युटरही गेले. अशा वेळी ‘चालतो का बघू’ म्हणून बटण दाबणं हा सर्वांत मोठा घात. पाण्यापेक्षा ओल्या बोर्डातून धावलेली वीज जास्त जाळते. वीज तोडायची, बॅटरी काढता येत असेल तर काढायची, चिखल धुऊन घ्यायचा, पूर्ण वाळवायचं आणि मगच पुढचं. तांदळाच्या डब्यात ठेवल्यानं तांदूळ खराब होतो, बाकी काही होत नाही. डिस्कवर जिवापाड जपलेलं काही असेल तर ती उघडू नये, उन्हात तापवू नये, चालू तर मुळीच करू नये. ती थेट डेटा काढणाऱ्या जाणकाराकडं द्यावी.

एवढं बघितल्यावर खर्चाचा प्रश्न येतो. आणि इथंच आपल्याला फसवलं जातं.

माझ्या ओळखीच्या एका घरात ट्रान्सफॉर्मरच्या बिघाडानंतर कम्प्युटर बंद पडला. दुकानदारानं झाकणही न उघडता सांगितलं, “मॅडम, इसमें अब कुछ नहीं बचा. नया ले लो, हफ्ते पर दे देंगे.” त्या बाईंनी पेटी उचलून गल्लीतल्या एका पोराकडं नेली. बिघाड एसएमपीएसचा निघाला. नऊशे रुपयांत काम झालं. मी त्या दुकानदाराला बेइमान म्हणत नाही. त्याला नवा विकण्यात जे मिळतं ते दुरुस्तीत मिळत नाही. पण ज्याला विकायचं आहे त्याच्याकडून मृत्यूचा दाखला घ्यायचा नसतो, एवढं तरी आपल्याला कळायला हवं.

दुकानदार हा लहान खेळाडू. मोठे खेळाडू कंपन्या आहेत. 14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 चा नियमित आधार थांबला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलचे साधारण 2017 च्या आधीचे प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. म्हणजे व्यवस्थित चालणारं यंत्र एका यादीनं ‘जुनं’ ठरवलं. बिघाड नाही, झीज नाही, फक्त फर्मान. वर नव्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली, बॅटरी डिंकानं चिकटवलेली. रॅम बिघडली तर बोर्ड बदला. बोर्ड बदलायचा तर नवाच घ्या. दुरुस्ती अवघड व्हावी अशीच ही रचना आहे.

“जुना कम्प्युटर असुरक्षित असतो,” असं उत्तर येतं. बरोबर आहे, आधार संपलेली विंडोज इंटरनेटवर वापरू नये. पण त्यावर एकच इलाज आहे असं कोण म्हणतं? अशा यंत्रावर लिनक्स फुकट बसतं. त्यात मराठी लिहिता येतं, नस्तालीक फाँट टाकून उर्दूही लिहिता येतं. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी लहान एसएसडी आणि 8 जीबी रॅम टाकली की दहा वर्षांचं यंत्र असं चालतं की घरचे विचारतात, नवीन घेतला का? आणि ज्याला फक्त टायपिंग करायचं आहे त्यानं इंटरनेटची तार काढून जुनी विंडोज खुशाल ठेवावी.

हे शेवटचं वाक्य मी उर्दूवाल्यांसाठी मुद्दाम लिहिलं. आपली मोठी दौलत इनपेजच्या फाइलींत अडकली आहे. युनिकोड रुळण्याआधी उर्दू पुस्तकं, मुशायऱ्यांची स्मरणिकं, शाळांचे अंक इनपेजमध्येच बसवले गेले. मराठीचंही तसंच, जुन्या फाँटमधल्या फाइली फाँट नसेल तर नुसती अक्षरांची खिचडी दिसतात. या फाइली इंटरनेटवर कुठंही नाहीत. त्या कुणा निवृत्त मास्तरांच्या, कुणा कातिबाच्या, कुणा लहान प्रेसवाल्याच्या बंद पडलेल्या पेटीत आहेत. एका बुजुर्ग शायराच्या इंतकालानंतर मुलांनी त्यांचा कम्प्युटर विकला. ‘चालू होत नव्हता,’ म्हणाले. त्यांच्या अप्रकाशित गझला त्यातच होत्या, दुसरी प्रत नव्हती. भंगारात गेलेल्या त्या पेटीची किंमत काही शे रुपये आली. कागदावरचा दीवान कुणी रद्दीत घातला असता तर सगळा मोहल्ला हळहळला असता. डिस्कवरचा गेला, कुणाला पत्ताही नाही.

आता आपल्या खोट्या प्रतिष्ठेबद्दल. मशिदीत वजू करताना नळ जरा जास्त सोडला की टोकणारे लोक आपल्यात आहेत आणि ते बरोबर आहेत. इस्राफ वाईटच. पण तेच लोक शेजाऱ्याच्या घरी नवा लॅपटॉप आला म्हणून आपला चालता बाजूला सारतात. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्या काळचा एक डेस्कटॉप आणि पडदा बनवण्याचा हिशेब मांडला होता : किमान 240 किलो जीवाश्म इंधन, 22 किलो रसायनं, दीड टन पाणी. नळाखाली वाया गेलेल्या तांब्याभर पाण्याचा हिशेब ठेवायचा आणि या दीड टनाचा नाही? 2022 या एका वर्षात जगात 620 लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला 22.3 टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. बाकीच्यातला बराच कुर्ल्याचं कपाडिया नगर किंवा दिल्लीचं सीलमपूर अशा वस्त्यांत पोचतो. तिथं तो फोडणारे हात बहुतांश आपल्याच गरीब पोरांचे असतात.

याच हातांना आपण ‘भंगारवाला’ म्हणून नाकं मुरडतो. बोर्डावरचा केसाएवढा सांधा बघून बिघाड सांगणारा कारागीर आपल्या लेखी ‘कमी शिकलेला’, आणि झाकण न उघडता ‘नया ले लो’ म्हणणारा ‘शोरूमवाला’. आपल्या समाजात हुनर आहे, त्याला इज्जत नाही. या पोरांना आयटीआयची सनद आणि हातमोजे मिळाले, तर ते कचरा फोडण्याऐवजी यंत्रं जगवतील.

सगळंच वाचवा असं माझं म्हणणं नाही. बोर्ड अनेक ठिकाणी जळला असेल तर सोडून द्या. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर चार्ज करू नका, टोचू नका, आधी ती बाजूला काढून घ्या. फार जुनं, 2 जीबी रॅमचं यंत्र आजच्या ब्राउझरला पुरणार नाही. त्याचे चालते भाग काढा आणि बाकीचं नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला द्या. पण निर्णय घेताना तुलना नव्याच्या किमतीशी करू नका. हे यंत्र दुरुस्त होऊन घरात कुणाच्या कामी येईल, हे विचारा.

ते कुणाच्या कामी येईल, हे मला वर्गात रोज दिसतं. 2020 च्या टाळेबंदीत एका मोबाइलवर तीन भावंडं शिकत होती आणि मोबाइल आधी मुलाला मिळत होता, मुलीला उरलेला वेळ. त्याच घरांच्या माळ्यांवर ‘गेलेले’ कम्प्युटर पडून होते. आजही माझ्या विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला सायबर कॅफेत रांग लावतात, कारण कीबोर्ड त्यांच्या घरात नाही. हजार-दोन हजारांच्या दुरुस्तीत तो त्यांच्या घरात येऊ शकतो.

म्हणून या रविवारी माळ्यावर चढा. पेटी खाली घ्या, धूळ पुसा, आधी डिस्क वाचवा, मग गल्लीतल्या जाणत्या पोराला बोलवा आणि त्याला झाकण उघडायला लावा. त्यानं आत बघून ‘गेला’ म्हटलं तर मान्य करा. तोवर हा निकाल कुणाकडूनही ऐकून घेऊ नका.