रेकॉर्ड भाव खातेय, पण कुठली?

‘गावच्या घरात जुन्या रेकॉर्ड्स सापडल्यात, कितीला जातील गं?’ हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला इतक्या जणांनी विचारलाय, की लिहिणं सोडून जुन्या बाजारात पथारी टाकावी असं वाटायला लागलंय.

विचारणाऱ्यांचं तरी काय चुकतंय म्हणा! रेकॉर्ड पुन्हा जाम ‘इन’ आहे. कॅफेच्या भिंतीवर रेकॉर्ड, नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये टर्नटेबल. अमेरिकेत २०२२ साली व्हायनल रेकॉर्ड्सनी नगांच्या हिशेबात सीडींना मागे टाकलं, तेही १९८७ नंतर पहिल्यांदा. मुंबईत २०२४ साली पुन्हा रेकॉर्ड्स छापायला सुरुवात झाली. त्यात कुणीतरी ती जुनी बातमी फॉरवर्ड करतं. बीटल्सच्या ‘व्हाइट अल्बम’ची पहिल्या क्रमांकाची प्रत, खुद्द रिंगो स्टारची, २०१५ साली लिलावात ७ लाख ९० हजार डॉलरना गेली! झालं. माळ्यावरची ट्रंक धाडकन खाली येते.

थांबा मंडळी. तुमचे आजोबा रिंगो स्टार नव्हते.

रेकॉर्डच्या भावाचा साधा फंडा असा, की वयाला फारशी किंमत नाही. किती प्रती निघाल्या, त्यातल्या किती धड उरल्या आणि आज ती कुणाला हवीय, या तीन गोष्टींवर सगळा खेळ. १९७५च्या ‘शोले’च्या संवादांची एलपी घ्या. पॉलिडॉरनं ती इतकी खपवली, की आजही जुन्या गठ्ठ्यांत हमखास निघते. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐकायला सोन्यासारखी, पण घराघरात पोचलेली. त्यामुळे ती विकून बाइक येणार नाही.

उलट्या बाजूचं उदाहरण मुंबईच्या चरणजित सिंग यांचं. त्यांनी १९८२ साली सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. तेव्हा ती रेकॉर्ड कुणी फारशी घेतली नाही. २००२ साली एका डच संग्राहकाला तिची प्रत दिल्लीत मिळाली, २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि जग ‘अरेच्चा!’ म्हणालं. मूळ प्रत आज भलतीच महाग. का? तर तेव्हा खपली नाही म्हणून! तसंच बीटल्सचं. इंग्लंडमध्ये ७८ आरपीएमच्या तबकड्या १९६०च्या सुमारास बंद झाल्या, पण आपल्याकडे त्यानंतरही निघत राहिल्या. म्हणून बीटल्सच्या भारतात छापलेल्या ७८च्या तबकड्यांवर जगभरचे शौकीन जीव टाकतात.

आता परवाचीच केस. माझी एक मैत्रीण हिंजवडीत आयटीत आहे, मूळ गाव कासुर्डी. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं निघालात की यवतजवळ, दौंड तालुक्यातलं. तिचे आजोबा दौंडला रेल्वेत होते. पगार झाला की पुण्याला जायचे आणि येताना एक तरी रेकॉर्ड आणायचे. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं, तेव्हा ट्रंक निघाली. आत बासष्ट रेकॉर्ड्स. मैत्रिणीच्या भावानं एका व्यापाऱ्याला फोन केला. ‘सगळ्याचे मिळून आठ हजार, उद्या टेम्पो पाठवतो,’ असं तिकडून उत्तर. भाऊ खूश. मैत्रिणीनं मला गाडीत घातलं आणि आम्ही टेम्पोच्या आधी पोचलो.

ओसरीवर सतरंजी टाकून तीन ढीग केले. पहिला हिंदी सिनेमांच्या एलपींचा. त्यात ‘शोले’ होताच. ‘गीतरामायणा’च्याही दोन होत्या, पण दहा एलपींच्या संचातल्या दोनच, आणि कव्हरला पाणी लागलेलं. फुटक्या संचाला भाव नसतो. दुसरा ढीग लाखेच्या जड तबकड्यांचा. बालगंधर्व आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ओडियन कंपनीच्या. नावं ऐकून भावाचे डोळे चमकले, पण या दोघांच्या रेकॉर्ड्स त्या काळी तुफान खपल्या आणि नंतर एलपी-कॅसेटवरही आल्या. त्यामुळे मान मोठा, भाव बेताचा.

तिसऱ्या ढिगात एकच तबकडी. लेबल वाळवीनं खाल्लेलं. ‘लावणी’ एवढंच वाचता येत होतं, गाणारीचं नाव गायब. भावानं फोनवर विचारून घेतलं. ‘लेबल नाही? मग तिला शून्य,’ व्यापारी म्हणाला.

इतका वेळ खांबाला टेकून बसलेल्या आजी तेव्हा बोलल्या, ‘ती नका रं देऊ. जत्रंला हिचा फड यायचा. आमी बाया माडीवरनं ऐकायचो, खाली बसायची सोय नव्हती. तुज्या आज्यानं माज्यासाटी आणली हुती ती.’

‘नाव काय होतं आजी तिचं?’ मी विचारलं.

‘आता न्हाई ध्यानात, पोरी. पर आवाज वळखीन.’

आता बोला, हिचा भाव काय लावायचा? बाकीच्या एकसष्ट रेकॉर्ड्समधलं बहुतेक सगळं आज मोबाइलवर दोन मिनिटांत सापडतं. ही तबकडी फुटली, तर ही बाई कायमची गप्प होण्याची शक्यता होती.

असं होतं, हे आपल्या संगीताला पुरेपूर माहीत आहे. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. त्यांनी रेकॉर्ड काढलीच नाही. त्यामुळे खिशात कोट्यवधी असले तरी त्यांचं गाणं आज ऐकता येत नाही. त्यांच्या शिष्या, गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी मात्र रेकॉर्ड्स दिल्या. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवायची ठरली, तेव्हा केसरबाईंच्या ‘जात कहाँ हो’ची शिफारस झाली. पण ती रेकॉर्ड बाजारात नव्हती. शेवटी अ‍ॅन ड्रुयान यांना ती न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात मिळाली. न विकल्या गेलेल्या तीन प्रती! ते खोकं कुणी आधीच रद्दीत घातलं असतं तर? आज केसरबाई सगळ्या ग्रहांच्या पलीकडे आहेत, त्या एका न आवरलेल्या टेबलाच्या कृपेनं.

कासुर्डीच्या तबकडीचं काय झालं? लेबलाशेजारच्या गुळगुळीत पट्टीवर एक नंबर उमटलेला असतो. लेबल गेलं तरी तो राहतो. आम्ही त्याचा फोटो काढला. १९९० साली मुंबईत सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’नं ‘द रेकॉर्ड न्यूज’ या आपल्या नियतकालिकात अनेक कलाकारांच्या रेकॉर्ड्सच्या याद्या छापल्यात. त्या चाळणं चालू आहे, नाव अजून लागलेलं नाही. पुण्यातल्या एका संग्राहकांनी तबकडी वाजवून आवाज मोबाइलवर उतरवून दिला. आजींनी तो ऐकला, हातानं ताल धरला आणि म्हणाल्या, ‘हीच ती.’ एलपींचा ढीग गेला, पण मोजून, एकेक भाव ठरवून. ‘उचला सगळं’ या हिशेबानं नाही. भावानं स्वतःच फोन करून टेम्पो रद्द केला, हे विशेष.

तेव्हा तुमच्याही घरात ट्रंक असेल, तर एवढं करा.

* ठोक सौदा नको. आधी प्रत्येक रेकॉर्डचा, लेबलाचा आणि नंबराचा फोटो काढा.
* नेटवर लोक काय किंमत मागतात ते सोडा, प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते बघा. ‘डिस्कॉग्स’वर तो इतिहास सापडतो.
* स्थिती म्हणजे सगळं काही. चरे, बुरशी, वाकलेली कड आणि फाटकं कव्हर यांनी भाव चौथाईवर येऊ शकतो.
* ७८च्या तबकड्या स्पिरिटनं कधीही पुसू नका. त्यातली लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पुसायला मऊ, कोरडं फडकं बरं.
* रेकॉर्ड्स आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. ऊन टाळा.
* एलपी जुन्या ग्रामोफोनच्या जाड सुईखाली घालू नका, पहिल्याच फेरीत वाट लागेल. ७८ला वेगळी, रुंद सुई लागते.
* आणि सगळ्यात महत्त्वाचं, विकण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला ढिगाशेजारी बसवा आणि एकेक रेकॉर्ड दाखवा.

शेवटच्या कामाला पैसे पडत नाहीत आणि ते पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. तबकडी ट्रंकेत अजून पन्नास वर्षं टिकेल. आवाज ओळखणारं माणूस तेवढं थांबणार नाहीये. या वीकेंडला मॉल कॅन्सल करा आणि गावी चक्कर टाका.